रहवाल

आत्याने कप बशीत ठेवला, बशी टेबलावर ठेवली, चष्मा काढून रुमालाने पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि समोरच्या तरुणाकडे नीट बघून म्हणाली,

"रहवाल."

आणि उठली.

मागे राहिलेल्या चौघांनीही माना डोलावल्या. कोडेकाराने सर्वांत आधी, कारण शब्दांच्या बाबतीत या घरात पहिली मान त्याची असे. एका दैनिकात रोज येणारे शब्दकोडे तो कित्येक वर्षे रचत होता. त्याच्याकडे बघून त्याच्या बायकोने डोलावली. आईकडे बघून मुलीने. आणि ज्याच्याबद्दल तो शब्द उच्चारला गेला होता त्या तरुणाने सगळ्यांकडे बघून, हसतमुखाने, दोनदा डोलावली.

"मी सोडून येतो आत्याआजींना," तो म्हणाला.

जिन्यावरून पावले उतरत गेली. आत्याची सावकाश, आणि त्याची एक पायरी पुढे, तितकीच सावकाश. खालचे दार लागले तशी मुलगी वडिलांकडे वळली.

"बाबा, चांगलं की वाईट?"

"काय?"

"शब्द."

कोडेकाराने रिकामा कप तोंडाला लावला. "संदर्भावर असतं ते," तो म्हणाला.

"संदर्भ आत्ताच जिना उतरला, बाबा."

या घरात कुणाचेही लग्न ठरायचे झाले की आधी आत्याचा शब्द घेतला जाई. शब्द घेणे म्हणजे वचन घेणे नव्हे. अक्षरशः एक शब्द. आत्या माणूस बघे, फिका चहा पिई, एक शब्द बोले आणि मागच्या गल्लीतल्या आपल्या घरी जाई. ही पद्धत कुणी सुरू केली ते कुणाला आठवत नव्हते, आणि आठवत नसल्यामुळे ती मोडायची कशी हेही कळत नव्हते. कोडेकाराच्या चुलत बहिणीच्या नवऱ्याला आत्या 'खुर्ची' म्हणाली होती. तो अजून बसून आहे. धाकट्या भावाच्या होणाऱ्या बायकोला ती 'काडेपेटी' म्हणाली, तेव्हा धाकट्याने "म्हणजे काय गं?" असे विचारले. आत्याने त्याच्याकडे असे काही पाहिले की तो तेव्हापासून कुणाला साधी वेळ विचारतानाही अडखळतो. काडेपेटीचा अर्थ त्याला पुढे लग्नात कळला.

तेव्हापासून घरात अळीमिळी गुपचिळी. आत्या शब्द बोले, सगळे माना डोलावत आणि जो तो आपल्याला परवडेल तो अर्थ घेऊन घरी जाई.

"मला उंबरठा म्हणाल्या होत्या," कोडेकाराची बायको कप गोळा करता करता म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासत असे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा सरकवून 'हे बरं दिसतंय की हे?' असे विचारणे हा तिचा व्यवसाय होता, आणि ती नेमकी अशा घरात पडली होती जिथे कुणी कुणाला काही विचारत नसे. "मुलगी लग्नाला आली. मी अजून ठरवतेय, राग मानायचा की नाही."

"उंबरठा चांगलाच असतो," कोडेकार म्हणाला.

"लोक ओलांडून जातात त्याला."

यावर कोडेकाराकडे उत्तर होते, पण ते चौकोनात बसत नव्हते.

मुलगी लिफ्टची तपासणी करणाऱ्या कंपनीत होती. दोर, कप्पी, ब्रेक तपासून ती रोज कुठल्या ना कुठल्या इमारतीला 'वापरण्यास योग्य' असा शिक्का देई. माणसाच्या बाबतीत मात्र तिचा शिक्का हातातच राहिला होता. ज्याच्याशी लग्न करायचे तिने ठरवले होते तो महापालिकेच्या वाहतूक विभागात, कोणत्या चौकात कोणता दिवा किती सेकंद राहावा हे ठरवत असे. त्यामुळे घरात त्याचे नाव सिग्नलवाला पडले. हे नाव त्याला कळले तेव्हा तो म्हणाला, "छान आहे."

"सोमवारी नोंदणी कार्यालयात तारीख घ्यायचीय," मुलगी म्हणाली. ती खिडकीपाशी उभी होती. खाली गल्लीत आत्या आणि सिग्नलवाला कोपऱ्यावर वळताना दिसत होते. "आत्याआजी नको म्हणाली म्हणून मी थांबेन असं नाही. पण शाळा सुटल्यावर मी तिच्याकडेच असायचे ना रोज. तिला माणूस कळतो. मला नुसत्या मशिनी कळतात."

"चांगला मुलगा आहे," तिची आई म्हणाली.

"तोच तर घोळ आहे. तो कधी नाही म्हणत नाही, आई. सिनेमा कुठला, तू म्हणशील तो. राहायचं कुठे, तू म्हणशील तिथे. भांडायला जावं तर अर्ध्यात कबूल होतो. मला कळतच नाही, तो माझ्याबरोबर सुखात आहे की त्याला सवयच आहे."

ती वडिलांकडे वळली.

"म्हणून विचारतेय. रहवाल म्हणजे काय?"

कोडेकाराच्या आयुष्यात हा क्षण येईल असे त्याला कधी वाटले नव्हते. तो शब्द त्याला माहीत नव्हता. दोन वर्षांपूर्वी एका कोपऱ्यात 'र' आणि 'ल' अडकले होते, तेव्हा त्याने 'जुना शब्द, चार अक्षरे' असे सूचक देऊन 'रहवाल' एकदा कोड्यात घातलाही होता. अर्थ माहीत नसताना त्याने कोड्यात घातलेला तो पहिला शब्द नव्हता. कुणा वाचकाने तक्रार केली नाही. वाचकांनाही बहुधा माना डोलवायची सवय होती.

"बघून सांगतो," तो म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून घरात पहिल्यांदाच ऐकले गेले, आणि दोघी त्याच्याकडे बघतच राहिल्या.

त्याच्याकडे तीन शब्दकोश होते. पहिल्यात लिहिले होते: 'रहवाल, सुखचालीचा घोडा. पाहा: सुखचाल.' त्याने सुखचाल पाहिली. तिथे होते: 'रहवालाची चाल. पाहा: रहवाल.' तो दोनतीनदा इकडून तिकडे जाऊन आला. दुसऱ्या कोशात तो घोडा नव्हताच, नुसती चाल होती. घोडा गाळून चाल कशी उरली याचा खुलासा नव्हता. तिसरा कोश जाड आणि जुना. त्यात म्हटले होते: 'स्त्रिया, मुले, आजारी माणसे व अधिकारी यांस बसण्यास योग्य असा गरीब घोडा.'

कोडेकार त्या ओळीपुढे बराच वेळ बसून राहिला. एवढे कळले की प्राणी घोडा आहे. पण भावी जावयाला घोडा म्हणणे ही स्तुती की निंदा, हे तिन्ही कोशांपैकी एकानेही अंगाला लावून घेतले नव्हते. गरीब म्हणजे गुणी, की गरीब म्हणजे बिचारा? अधिकाऱ्यांना आजाऱ्यांच्या पंगतीला बसवणारा कोशकार कोणत्या मनःस्थितीत होता?

"सरळ त्यांनाच विचारा ना," बायको म्हणाली. "घोडं पेंड कुठे खातंय?"

"आत्याला?"

"मग काय घोड्याला?"

"मी शब्दांवर पोट भरतो," कोडेकार म्हणाला. "मी जाऊन तिला विचारू, मला माहीत नाही म्हणून?"

बायकोने चष्मा कपाळावर सरकवला आणि त्याच्याकडे, डोळ्यांचा नंबर वाढलेल्या माणसाकडे बघावे तसे बघितले.

"मग घोड्यालाच विचारा. आम्ही नंबर पुस्तकात बघून देत नाही, डोळ्यात बघून देतो."

हे ती चिडून बोलली होती. कोडेकाराला मात्र ते पटले. आत्याकडे जाण्यापेक्षा घोड्याकडे जाणे त्याला सोपे वाटले.

शनिवारी सिग्नलवाल्याने त्याला गाडीतून नेले. शहराबाहेर घोडेस्वारी शिकवणारी एक जागा होती. कोडेकाराने कारण सांगितले नव्हते. कोड्यासाठी काही शब्द हवेत, एवढेच म्हटले होते. "हो, जाऊ या ना," सिग्नलवाला म्हणाला होता. तो गाडी अशी चालवत होता की गिअर कधी बदलला ते कळू नये. पिवळ्या दिव्याला तो थांबे, आणि मागचा भोंगा वाजवू लागला की आरशात बघून हात वर करून माफी मागे.

"आत्याआजींचा शब्द मला फार आवडला, काका," तो म्हणाला. "फोनवर माझ्या फोटोखाली लिहिलाय मी."

"काय लिहिलंय?"

"रहवाल."

"आणि अर्थ?"

"तो तुम्हाला माहीत असेलच ना," सिग्नलवाला निर्धास्तपणे म्हणाला, आणि पुढच्या पिवळ्या दिव्याला थांबला.

घोडेस्वारी शिकवणारी बाई उंच होती. हातातले गाजर ती एक घास घोड्याला आणि एक स्वतःला असे संपवत होती. रहवाल हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता, म्हणून कोडेकाराने कोशातला अर्थ सांगितला.

"गरीब घोडा ना? आमच्याकडे नवशिक्यांचा म्हणतात," ती म्हणाली. "याचं नाव सोफा. अर्ध्या तासाचे पैसे आधी. चढा काका, डावा पाय रिकिबीत. घोड्याकडे बघू नका, त्याला काही वाटत नाही."

कोडेकार चढला. चढल्यावर त्याने डोळे मिटले आणि धक्क्याची वाट पाहिली. धक्का आला नाही. सोफा चालू लागला होता की उभाच होता हे कळायला त्याला कुंपणाचे खांब मोजावे लागले. खांब मागे जात होते. डाव्या बाजूचे दोन्ही पाय एकदम, मग उजव्या बाजूचे दोन्ही एकदम, असा तो घोडा पाण्यावरून होडी जावी तसा चालला होता. वरच्या माणसाने पाण्याने भरलेला पेला धरला असता तरी थेंब सांडला नसता. दुसऱ्या फेरीत कोडेकार घोडा विसरला. तिसऱ्या फेरीत त्याला मंगळवारच्या कोड्यातला अडलेला उभा शब्द सुचला. आपण किती सुखी आहोत असे त्याच्या मनात आले, आणि स्तुतीच आहे ही, असे त्याने ठरवून टाकले. मुलीला आजच सांगायचे.

"जात्याच गरीब असतो का हा?" खाली उतरल्यावर त्याने विचारले.

"जात्याच कोण गरीब असतं, काका?" बाई म्हणाली. "शिंगरू असताना एका बाजूचे दोन पाय दोरीने एकमेकांना बांधतात. पुढचा उचलला की मागचा उचलावाच लागतो. नाहीतर पडतं. काही महिन्यांनी दोरी काढतात."

"मग?"

"मग काय, असाच चालतो. दोरी काढलीय हे त्याला कळत नाही."

सिग्नलवाला इतका वेळ घोड्याच्या मानेवरून हात फिरवत होता. तो थांबला.

"याला कधी पळावंसं वाटत नाही?"

"वाटत असेलही," बाईने गाजराचे शेवटचे टोक स्वतः खाल्ले. "विचारणार कोण?"

परतताना एका चौकात दिवा हिरवा झाला तरी सिग्नलवाला थांबून राहिला. मागचे भोंगे वाजू लागले. या वेळी त्याने आरशात बघून हात वर केला नाही. मग, काहीतरी आठवल्यासारखा, केला.

त्याच दिवशी मुलीने विचारले तेव्हा कोडेकार म्हणाला, "उद्या सांगतो." बायकोने डाव्या डोळ्यावर हात धरून उजव्याने त्याच्याकडे बघितले.

रविवारी दुपारी सिग्नलवाल्यानेच त्याला आत्याच्या दारात सोडले. "मी गाडी लावून येतो," तो म्हणाला. त्या गल्लीत गाडी लावायला जागा मिळणे म्हणजे अर्ध्या तासाचे काम होते, आणि मिळाली तरी मागून कुणी आले असते तर सिग्नलवाल्याने ती त्याला दिली असती.

कोडेकाराने जिना चढता चढता प्रश्नाची तयारी केली होती. अर्थ विचारायचा नाही. अर्थ विचारणे म्हणजे अडाणीपणा. उगम विचारायचा. उगम विचारणे म्हणजे व्यासंग.

आत्याने केटली चढवली. भिंतीवर तिच्या यजमानांचा फोटो होता. ते मोजणी खात्यात होते. डोंगराळ भागात घोड्यावरून फिरून जमिनी मोजत. फोटोत ते मोजणीच्या तिपाईशेजारी ताठ उभे होते आणि कडेला एका घोड्याची अर्धी मान आली होती. बाकीचा घोडा चौकटीबाहेर राहिला होता.

"आत्या, त्या दिवशीचा तुझा शब्द," कोडेकार म्हणाला, "तुला मिळाला कुठून?"

"छान बसला ना?"

"छानच."

"हे मला म्हणायचे," आत्याने फोटोकडे न बघता हनुवटीने फोटो दाखवला. "रोज नाही. बदलीचा हुकूम आला की. मी सामान बांधायला घेतलं की हे दारात उभे राहून म्हणायचे, 'रहवाल आहेस अगदी.' शेजारच्या बायका बदली म्हटलं की घर डोक्यावर घ्यायच्या. मी नाही. टेलिफोन ऑफिसात मला वरची जागा मिळत होती ना, तेव्हा बदली आली. तेव्हासुद्धा नाही. त्या दिवशी तर दोनदा म्हणाले."

केटलीतले पाणी बोलू लागले. कोडेकार खुर्चीत थोडा पुढे सरकला, मग परत मागे.

"आणि या मुलाला काय म्हणून दिलास?"

"तू बघितलं नाहीस? साखर घालू का, तर हो. कमी घालू का, तर हो. पंखा लावू? हो. बंद करू? हो. म्हटलं, अरे, ही तर मीच." आत्या हसली. "आयुष्यात एक कौतुकाचा शब्द मिळालेला. म्हटलं आता देऊन टाकावा कुणाला तरी. मेल्यावर वाया जाईल."

तिने चहाची पत्ती टाकली. मग पाठमोरीच म्हणाली,

"अर्थ मात्र विचारायचा राहून गेला."

कोडेकाराला वाटले आपण चुकीचे ऐकले.

"तुला अर्थ माहीत नाही?"

"विचारलं असतं तर म्हणाले असते, एवढंही ठाऊक नाही? शिकलेली ना तू? म्हटलं राहू दे. झाकली मूठ. आणि पुढे मग विचारायला माणूसच राहिला नाही." ती वळली. चष्म्यावर वाफ बसली होती. ती पुसत तिने त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहिले. "तू रोज हेच करतोस. तुला ठाऊक असणार. म्हणजे काय रे?"

या घरात मोठ्या माणसाने लहान माणसाला हा प्रश्न कधी विचारला नव्हता. कोडेकाराला तत्काळ चारपाच खोटे अर्थ सुचले; त्याचा धंदाच तो होता. प्रत्येकात चारच अक्षरे होती आणि प्रत्येक नीट बसत होता. तो त्यांतला एक निवडत असतानाच त्याच्या तोंडून निघाले,

"घोडा."

"घोडा?"

"चांगल्या चालीचा. सुखचालीचा म्हणतात. त्याच्यावर बसलं ना, की धक्काच बसत नाही. हातात भरलेला पेला असला तरी सांडत नाही."

"कुणाच्या हातात?"

"वर बसलेल्याच्या."

आत्याने चष्मा चढवला. फोटोकडे पाहिले. ताठ माणसाकडे नाही. कडेच्या अर्ध्या मानेकडे.

"मला वाटायचं पक्षी असेल," ती म्हणाली. "डोंगरातला कुठलातरी. यांना दिसत असेल फिरतीवर."

तिने गॅस बंद केला.

"जन्मतःच असतो तो तसा?"

"शिकवतात."

"कसं?"

कोडेकाराने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिले. ते त्याच्या नकळत एकमेकांशेजारी येऊन बसले होते. "लहानपणी..." तो म्हणाला, आणि तिथेच थांबला.

"असू दे," आत्या म्हणाली.

ती थोडा वेळ ओट्याला टेकून उभी राहिली. मग कामाच्या आवाजात म्हणाली,

"पोरीला सांग, शब्द परत घेतला."

आत्याने आजवर कुणाचा शब्द परत घेतला नव्हता. काडेपेटीचासुद्धा नाही.

"आत्या, तिला उद्या तारीख घ्यायचीय. ती थांबलीय तुझ्यासाठी. मी काय सांगू? मुलगा वाईट आहे?"

"मी कुठे म्हटलं वाईट आहे?"

"मग दुसरा शब्द दे."

"बघू."

जिन्यावर पावले वाजली. सिग्नलवाला दारात आला, चपला काढल्या, आत्याच्या चपला वाकड्या होत्या त्या सरळ केल्या.

"काय घेणार?" आत्याने विचारले.

"काहीही चालेल, आत्याआजी."

"काहीही संपलं."

सिग्नलवाला हसला, मग ती हसत नाही हे बघून थांबला. "मग चहा. तुम्ही केलाच आहे ना."

"मी काय केलंय ते विचारलं नाही. तुला काय हवंय?"

त्याने कोडेकाराकडे पाहिले. कोडेकाराने तोंड उघडले. आत्याने त्याच्याकडे न बघताच बोट वर केले आणि कोडेकाराने तोंड मिटले.

सगळ्या शहराने कुठे किती सेकंद थांबायचे हे ठरवणारा तो माणूस खोलीच्या मधोमध उभा राहिला. त्याने केटलीकडे पाहिले. भिंतीकडे पाहिले. एकदा हसायचा प्रयत्न केला; त्याला कुणी साथ दिली नाही. त्याचा एक पाय थोडा पुढे आला आणि तिथेच राहिला. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होते, ती बराच वेळ मागेच जात राहिली. आत्या थांबली होती. तिला घाई नव्हती. कोडेकाराने तिला इतके थांबलेले कधी पाहिले नव्हते.

"कॉफी," सिग्नलवाला म्हणाला.

आवाज जरा मोठा आला. त्यालाही तो जाणवला असावा, कारण लगेच त्याने घाईघाईने पुढे जोडले, "म्हणजे, असली तर. नसली तर चहाच—"

"नाहीये," आत्या म्हणाली.

या घरात कॉफी कधीच नसे. मोजणीदारांना तिचा वास सहन होत नसे. मोजणीदार जाऊन किती वर्षे झाली होती, पण घराला तसे कुणी कळवले नव्हते.

"मग चहाच द्या ना, काही हरकत—"

"बस तू."

तिने खुंटीवरची पिशवी काढली आणि कोडेकाराच्या हातात दिली.

"जा. घेऊन ये."

"दोघांपुरती पुडी आणू?"

"डबा आण," आत्या म्हणाली. "मीही घेणार आहे."

आणि तिने झालेला केटलीभर चहा मोरीत ओतला.

कोडेकार जिना उतरला. मागून आत्याचा आवाज आला, "दूध घालतोस की नाही?" मग सिग्नलवाल्याचे उत्तर. काय ते त्याला ऐकू आले नाही. पण ते 'हो'पेक्षा लांब होते.

कोपऱ्यावरच्या दुकानात तो पोहोचला तेव्हा फोन वाजला.

"बोलली का आत्याआजी?" मुलगी म्हणाली.

"शब्द परत घेतला तिने."

"परत घेतला? म्हणजे वाईटच होता."

"तसं नाही. दुसरा दिलाय. बहुतेक."

"कुठला?"

दुकानदाराने फळीवरून दोन डबे काढून त्याच्यासमोर ठेवले.

"कॉफी," कोडेकार म्हणाला.

"म्हणजे काय, बाबा? चांगलं की वाईट?"

"छोटा की मोठा?" दुकानदाराने विचारले.

कोडेकाराने दोन्ही डब्यांकडे पाहिले. फोन कानाला होता, पिशवी हातात होती, आणि एकाच वेळी दोन माणसे त्याच्या उत्तरासाठी थांबली होती.

"मोठा," तो म्हणाला, दोघांनाही.